डाय ‘तारू’ जोन्स : दोन रग्बी, एक बंदी आणि न्यूझीलंडवरचे दोन विजय

रानजाई
११ जानेवारी, रात्री १०:४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. राहते वेल्समध्ये, कार्डिफला आणि आठवड्यातले तीन दिवस खाणींच्या गावी, अ‍ॅबरडेअरला कामाला जाते. तिथे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या हातांवर, कपाळावर, कधी नाकाच्या शेंड्यावर निळ्या रेघा दिसतात. खाणीत खरचटलं की जखमेत कोळशाची भुकटी जाते, वरून कातडी धरते आणि ती रेघ गोंदल्यासारखी जन्मभर राहते. नवीन होते तेव्हा मी एका आजोबांची रेघ ओल्या कापसाने पुसायला गेले होते. ते म्हणाले, “राहू दे पोरी, ती माझ्याबरोबरच जाणार.”

तेच आजोबा गेल्या महिन्यात गुडघ्यासाठी आले होते. जवळच्या टॉवर खाणीत ते शेवटपर्यंत होते, म्हणजे २००८ मध्ये ती बंद झाली तोवर. पाय वाकवता वाकवता त्यांनी विचारलं, “या गावात तारू कोण होता, हे तुला कुणी सांगितलंय का?” मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मिळेल ते वाचतेय आणि आता मराठीत कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे तारू म्हणजे गलबत. वेल्श भाषेत तारू म्हणजे बैल. माणसाचं खरं नाव डेव्हिड जोन्स, डाय हे त्याचं घरगुती रूप. इथल्या दऱ्यांमध्ये जोन्स इतके की नुसत्या आडनावावरून कुणाचाच पत्ता लागत नाही, म्हणून माणसाच्या धंद्यावरून किंवा अंगकाठीवरून टोपणनाव पडतं आणि तेच टिकतं. हा गडी सहा फुटांच्या वर उंच, वजन सोळा स्टोन, म्हणजे शंभर किलोच्या पुढे. त्या काळच्या खाणकामगारांमध्ये तो उठून दिसत असणार.

आधी खाणीत, मग पोलिसात. ऱ्हॉन्दा दरीच्या अगदी वरच्या टोकाला ट्रेहर्बर्ट आहे, तिथून तो रग्बी खेळला, फॉरवर्ड म्हणून. पुढे डोंगर ओलांडून अ‍ॅबरडेअरकडून खेळला. वेल्सकडून पहिला सामना आजच्याच तारखेला, ११ जानेवारी १९०२ ला, लंडनजवळ ब्लॅकहीथला, इंग्लंडविरुद्ध. वेल्सने तो ९-८ असा जिंकला. त्या वर्षी वेल्सने इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड तिघांनाही हरवलं. १९०५ मध्ये पुन्हा तेच झालं, इंग्लंडला तर कार्डिफमध्ये २५-० असं धुऊन काढलं. डाय या दोन्ही वर्षांच्या संघांत होता. एकूण तेरा आंतरराष्ट्रीय सामने.

त्यांतला एक म्हणजे १६ डिसेंबर १९०५. न्यूझीलंडचा संघ पहिल्यांदाच ब्रिटनमध्ये आला होता आणि त्याने इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड सगळ्यांना लोळवलं होतं. कार्डिफ आर्म्स पार्कवर सत्तेचाळीस हजार माणसं. न्यूझीलंडने हाका, म्हणजे आपला माओरी रणनाच, केला आणि त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आपलं राष्ट्रगीत धरलं, पाठोपाठ सगळं मैदान गाऊ लागलं. टेडी मॉर्गनच्या एका ट्रायवर (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं) वेल्स ३-० असं जिंकलं. पस्तीस सामन्यांच्या त्या दौऱ्यात न्यूझीलंडचा हा एकच पराभव. (न्यूझीलंडच्या डीन्सचा नाकारलेला ट्राय खरा की खोटा हा वाद मला माहीत आहे. तो शंभर वर्षं चाललाय, इथे नको.)

इथपर्यंतची गोष्ट वेल्समध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुढची फार थोडे जण सांगतात. १९०७ मध्ये वेल्श फुटबॉल युनियनने (नावात फुटबॉल असलं तरी ही वेल्सची रग्बी संस्था) चौकशी करून अ‍ॅबरडेअर क्लबच्या कार्यकारिणीवर आणि काही खेळाडूंवर कायमची बंदी घातली. गुन्हा हा, की क्लबने पैसे दिले आणि खेळाडूंनी घेतले. त्या यादीत डाय जोन्सचं नाव होतं. न्यूझीलंडला हरवून दोन वर्षंही झाली नव्हती.

मग तो मर्थर टिडफिलच्या नव्या व्यावसायिक क्लबात गेला. आणि १ जानेवारी १९०८ ला, अ‍ॅबरडेअरच्याच मैदानावर, तो पुन्हा एकदा न्यूझीलंडसमोर उभा राहिला. तिथेही जिंकला. त्या सामन्याबद्दल नंतर निवांत लिहीन, आत्ता उद्याची पाळी सकाळची आहे.

---

बाराखडी
१२ जानेवारी, सकाळी ८:१५

ताई, छान सुरुवात. पण मला रग्बी म्हणजे चिखलात कुस्ती एवढंच दिसतं. फॉरवर्ड म्हणजे फुटबॉलसारखा गोल करणारा का? आणि व्यावसायिक क्लब म्हणताना वेगळा खेळ असल्यासारखं लिहिलंयस, ते कळलं नाही.

---

रानजाई
१२ जानेवारी, संध्याकाळी ७:०५

बाराखडी, बरं झालं विचारलंस.

फॉरवर्ड म्हणजे ओझं वाहणारे. खेळ थांबून पुन्हा सुरू होतो तेव्हा दोन्ही संघांचे फॉरवर्ड डोकी खाली घालून, एकमेकांच्या खांद्यांत खांदे अडकवून समोरासमोर भिडतात. हा स्क्रम. मध्ये चेंडू टाकतात आणि तो पायाने मागे ओढून आपल्या बाजूला काढायचा. चेंडू बाहेर आला की मागचे चपळ गडी तो घेऊन पळतात, ट्राय करतात आणि नाव त्यांचं होतं. फॉरवर्डचं नाक जमिनीपासून हातभर अंतरावर, कान दुसऱ्याच्या मांडीला घासून फुटलेले, बरगड्यांवर मागच्यांचा सगळा भार. त्या काळी वेल्सचे फॉरवर्ड आजच्यासारखे ठरावीक जागेवर उभे राहत नसत. जो आधी पोचेल तो आधी डोकं घालेल, असा हिशोब. म्हणजे तारूला पुढच्या रांगेतही दाबायचं, मागूनही ढकलायचं.

खाणीत कमी उंचीच्या फटीत आडवं पडून, खांदा टेकवून कोळसा फोडणाऱ्या माणसाला हे काम नवीन नव्हतं. म्हणूनच वेल्समध्ये ‘ऱ्हॉन्दा फॉरवर्ड’ अशी एक जातच मानली गेली. मागच्या फळीत डॉक्टर, विद्यार्थी, व्यापारी (टेडी मॉर्गन डॉक्टर होता) आणि पुढे खाणवाले, पोलीस, पोलादवाले. १९०५ च्या सामन्यात वेल्सने न्यूझीलंडची चाल उलटवण्यासाठी आपला एक फॉरवर्ड कमी करून मागे जास्तीचा माणूस ठेवला. आठाचं ओझं सात जणांनी ओढलं. त्या सातांत तारू.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. रग्बी दोन आहेत. पंधरा जणांची युनियन आणि तेरा जणांची लीग. लीग ही युनियनपासून फुटून निघाली, आणि फुटली ती पैशावरून. यावर माझ्यापेक्षा जास्त वाचलेलं कुणी इथे असेल तर लिहा.

---

शमीवृक्ष
१२ जानेवारी, रात्री ९:३०

मी लिहितो. पाच वर्षं इंग्लंडच्या उत्तरेत हडर्सफील्डला होतो. जिथे ही फूट पडली ते जॉर्ज हॉटेल स्टेशनाला लागूनच आहे, रोज समोरून जायचो.

शनिवारी अर्धा दिवस काम आणि दुपारी सामना, अशी पद्धत. गिरणीतला किंवा खाणीतला माणूस लांबच्या सामन्याला निघाला की त्याचा खाडा पडायचा, त्या दिवसाची मजुरी बुडायची. यॉर्कशायर आणि लँकेशायरचे क्लब म्हणाले, खेळण्याचे पैसे देऊ नका, पण बुडालेली मजुरी तरी भरून द्या. लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनने नाही म्हटलं. ज्यांचं पोट शनिवारच्या मजुरीवर नव्हतं त्यांनी तो नियम धरून ठेवला. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला त्या हॉटेलात बैठक झाली आणि नॉर्दर्न युनियन निघाली. सुरुवातीला एकूण बावीस क्लब. खाड्याची भरपाई किती, तर दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. एवढ्यासाठी खेळाचे दोन तुकडे झाले.

१८९८ मध्ये नॉर्दर्न युनियनने खेळण्याचे पैसे उघडपणे मान्य केले. पण तिथेही अट होतीच, खेळाडूला बाहेर कामधंदा हवा. म्हणजे सुरुवातीचा व्यावसायिक खेळाडू म्हणजे आजचा लाखो घेणारा नव्हे. आठवडाभर खाण, शनिवारी मैदान.

मग प्रेक्षक टिकवायचे म्हणून त्यांनी खेळच बदलायला घेतला. १८९७ मध्ये लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मध्ये परत आत फेकण्याची पद्धत) गेली. १९०६ मध्ये पंधराचे तेरा झाले, दोन फॉरवर्ड कमी केले. आणि पकडलेल्या गड्याला उठून पायाने चेंडू मागे खेळवू द्यायचा नियम आला. त्यामुळे ढिगारे कमी झाले, धावणं वाढलं. युनियनमध्ये मुरलेला सोळा स्टोनचा गडी १९०७ च्या मोसमात हा नवा खेळ शिकून तीन-चार महिन्यांत देशाकडून खेळतो, ही मला त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते.

---

कोकणकडा
१३ जानेवारी, दुपारी १:२०

खाड्याचं वाचलं आणि वडील आठवले.

ते परळला एका गिरणीत होते आणि गिरणीच्या कबड्डी संघात डावा कोपरा खेळायचे. हुतुतू म्हणायचे ते. गिरणीने नोकरी दिली ती खेळामुळेच, पण कागदावर ते साचेखात्यातले कामगार. सामन्याच्या दिवशी लवकर सोडायचे, पगार कापायचे नाहीत. त्यांना कुणी व्यावसायिक म्हटलं असतं तर ते भांडायला उठले असते. पण त्या नोकरीवरच आमची तीन भावंडांची शाळा झाली. गुडघा गेल्यावर संघातून काढलं आणि दोन महिन्यांत पाळीही बदलली, कायमची रात्रीची. तक्रार कुणाकडे करणार, कारण खेळासाठी ठेवलंय असं कुठे लिहिलेलंच नव्हतं.

रानजाई ताई, कोपरारक्षक पाय धरून लोंबकळतो, घसटत जातो, मग बाकीचे येऊन गडी झाकतात. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं चढाईवाल्याचं. तुमचा तारू मला लगेच ओळखू आला. पोलिसाची नोकरी मिळाली तीही खेळामुळेच का हो?

---

रानजाई
१३ जानेवारी, रात्री ८:५०

कोकणकडा दादा, वाचून गलबलले. कायमची रात्रपाळी म्हणजे काय ते मला माझ्या कामात दिसतं.

त्याच्या नोकरीबद्दल मी असं म्हणणार नाही. एवढं खरं, की त्या काळी वेल्सच्या फॉरवर्डांमध्ये पोलीस बरेच होते. धिप्पाड माणूस पोलिसात हवा असायचा आणि मैदानावरही. खाणीपेक्षा पोलिसाची नोकरी उघड्या हवेची आणि बांधील पगाराची, हे काय कमी होतं.

---

आगगाडी
१३ जानेवारी, रात्री १०:१२

मला दुसरी बाजू मांडायची आहे.

नियम सगळ्यांना माहीत होता. युनियनचा खेळ हौशी, पैसे घेतले तर बाहेर. जोन्स तेरा सामने खेळलेला माणूस, त्याला नियम ठाऊक नव्हता असं म्हणता येणार नाही. तरी त्याने पैसे घेतले आणि सापडला. त्याच्याबद्दल सहानुभूती आहे, पण युनियनने आपला नियम पाळला म्हणून तिला खलनायक का ठरवायचं? शिवाय हौशीपणामागे एक चांगला विचार होता. पैसा आला की श्रीमंत क्लब गरीब क्लबांचे खेळाडू उचलतात आणि गावचा संघ मरतो. आपण ते अनेक खेळांत पाहिलंय. दरीतल्या एवढ्याशा गावांचे क्लब टिकले ते या नियमामुळेच, असंही म्हणता येईल.

---

रानजाई
१४ जानेवारी, सकाळी ६:४५

आगगाडी, गावचा संघ मरतो हा मुद्दा मी मान्य करते. पण नियम सगळ्यांना सारखा लागला असता तर माझं काहीच म्हणणं नव्हतं. दोन गोष्टी ऐका.

पहिली. न्यूपोर्टचा आर्थर गूल्ड, वेल्सचा कर्णधार, त्या काळातला सगळ्यात लाडका खेळाडू. १८९६ मध्ये त्याच्यासाठी लोकवर्गणी सुरू झाली. लोकांनी शिलिंग-शिलिंग दिला, वेल्श फुटबॉल युनियनने स्वतः पन्नास पौंड घालायचं ठरवलं. इतर देश म्हणाले, हा सरळसरळ व्यावसायिकपणा. वेल्सने आंतरराष्ट्रीय मंडळातून अंग काढून घेतलं, पण वर्गणी सोडली नाही. एप्रिल १८९७ मध्ये कार्डिफच्या ड्रिल हॉलमध्ये अडीचशे पाहुण्यांची मेजवानी झाली आणि गूल्डला काय मिळालं? घर. न्यूपोर्टमधलं राहतं घर. लंडनच्या युनियननेही शेवटी अपवाद म्हणून सोडून दिलं, कारण वेल्स दुखावून नॉर्दर्न युनियनकडे गेलं तर काय, ही भीती होती.

दुसरी. स्वान्झीचे जेम्स बंधू, डेव्हिड आणि इव्हान, तांब्याच्या कारखान्यातले कामगार. १८९२ मध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन रेंजर्सकडे गेले म्हणून बंदी. १८९६ मध्ये बंदी उठवली. १८९९ मध्ये इंग्लंडविरुद्ध हवे होते म्हणून खेळवले, वेल्स २६-३ असं जिंकलं. आणि ते दोघे पुन्हा उत्तरेला निघून गेले, या वेळी कायमचे. का गेले असतील? विजयाने घरातली चूल पेटत नाही.

म्हणजे नियम होता, पण तो हवा तेव्हा वाकायचा. घर घेणारा नायक राहिला. आणि स्क्रममध्ये बरगड्या मोडून घेणाऱ्या पोलिसाने क्लबकडून चार पैसे घेतले तर कायमची बंदी. माझा राग या फरकावर आहे.

---

टपालवाला
१४ जानेवारी, सकाळी ११:३०

समोरच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाबद्दल थोडं. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात झाली, त्यामुळे १९०८ चा तो संघ आणणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

१९०५ च्या दौऱ्यात न्यूझीलंडच्या खेळाडूंना दिवसाला तीन शिलिंग हातखर्च मिळत होता आणि तिकीटविक्रीतून हजारो पौंड जमले ते त्यांच्या युनियनकडे गेले. वेलिंग्टनच्या टपाल कचेरीत अल्बर्ट बास्किव्हिल नावाचा एक तरुण कारकून होता. त्याने ठरवलं की व्यावसायिक संघ घेऊन ब्रिटनला जायचं. खेळाडूंनी प्रत्येकी पन्नास पौंड घातले आणि नफा आपसांत वाटून घ्यायचं ठरलं. १९०५ च्या दौऱ्यातले चौघे त्यात आले : जॉर्ज स्मिथ, डंकन मॅग्रेगर, मासा जॉन्स्टन आणि बिल मॅक्रेल. यांतला मॅग्रेगर तर कार्डिफच्या त्या सामन्यात प्रत्यक्ष खेळला होता. वाटेत सिडनीत तिथला खेळाडू डॅली मेसेंजर सामील झाला. तिथल्या पत्रकारांनी हिणवण्यासाठी ‘ऑल ब्लॅक्स’ या न्यूझीलंड संघाच्या नावाचं ‘ऑल गोल्ड्स’ केलं आणि तेच नाव इतिहासात राहिलं. बास्किव्हिलवर त्याच्या देशाच्या युनियनने जन्मभराची बंदी घातली, मैदानात प्रेक्षक म्हणूनही पाऊल ठेवायचं नाही.

परतताना ऑस्ट्रेलियात, मे १९०८ मध्ये, ब्रिस्बेनला तो न्यूमोनियाने गेला. वय पंचवीस. संघ घरी पोचल्यावर न्यूझीलंडच्या भूमीवर या खेळाचा पहिला सामना झाला, तो त्याच्या आईला मदत म्हणून. हे लिहिताना आजही हात थांबतो.

---

बाराखडी
१४ जानेवारी, दुपारी ४:००

ताई, आता अ‍ॅबरडेअरच्या सामन्याचं लिहा ना. परवापासून वाट बघतेय.

---

रानजाई
१५ जानेवारी, रात्री ९:२०

लिहिते. आज काम संपल्यावर मुद्दाम त्या मैदानाकडून चालत स्टेशनला गेले.

मैदान गावाच्या खालच्या अंगाला, सपाटीवर. दोन्ही बाजूंना डोंगर इतके जवळ की हिवाळ्यात दुपारी तीनलाच सावली उतरते. आज पाऊस नव्हता, पण पायाखालची माती बूट धरून ठेवत होती. १ जानेवारी १९०८ ला इथे वीस हजारांच्या आसपास माणसं होती. आजूबाजूच्या दऱ्यांतून, रेल्वेने, डोंगर चढून-उतरून लोक आले असणार.

तेरा-तेरा गड्यांच्या नव्या नियमांनी दोन देश समोरासमोर येण्याची जगातली ही पहिलीच वेळ. याआधी १९०४ मध्ये विगनला इंग्लंडविरुद्ध ‘इतर देश’ असा एक सामना झाला होता, पण तिथे समोरचा संघ मिसळीचा होता. (त्या मिसळीत पेनिग्रेगचा जॅक ऱ्हॅप्स नावाचा वेल्श फॉरवर्ड होता. १८९७ मध्ये युनियनकडून वेल्सचा एकच सामना खेळला आणि इंग्लंडच्या उत्तरेतल्या सॅल्फर्डला गेला. दोन्ही खेळांत आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतात. त्याच्यावरही कुणी धागा काढा.)

वेल्सचा संघ म्हणजे बहुतेक ‘बाहेर काढलेल्यांचा’ संघ. कुणी उत्तरेतल्या क्लबांत गेलेले, कुणी मर्थर आणि एबू व्हेलच्या नव्या क्लबांतले. ज्यांना आपल्या गावच्या युनियनच्या क्लबात पाऊल ठेवायची बंदी, ते वेल्सचा लाल अंगरखा घालून आपल्याच गावात उभे.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि वेल्स मागे होतं. तेव्हा चेंडू घेऊन रेषेपलीकडे जो पडला तो मागच्या फळीतला चपळ गडी नव्हता, तो तारू होता. त्या ट्रायचे तीन गुण आणि वेल्स ९-८.

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी चेंडू काढून देणाऱ्या माणसाने शेवटचा ट्राय स्वतः केला, तोही ज्या गावाच्या क्लबामुळे त्याच्यावर बंदी आली त्याच गावात. कार्डिफचा विजय आणि हा विजय यांत फक्त साडेचोवीस महिने. दोन्ही खेळांत न्यूझीलंडला हरवणारा तो पहिला.

आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते गप्प राहिले. मग म्हणाले, “माझे आजोबा होते तिथे. ते म्हणायचे, त्या दिवशी पोलीसही टोप्या उडवत होते.” मी हे पुरावा म्हणून लिहीत नाहीये, ऐकलं तसं लिहितेय.

---

बाराखडी
१५ जानेवारी, रात्री ९:५५

ताई, एक लक्षात आलं का? ११ जानेवारी १९०२ ला इंग्लंडविरुद्ध ९-८ आणि १ जानेवारी १९०८ ला न्यूझीलंडविरुद्ध ९-८. युनियनचा पहिला आणि लीगचा पहिला, दोन्ही आंतरराष्ट्रीय सामने एका गुणाने आणि तोच आकडा!

---

रानजाई
१५ जानेवारी, रात्री १०:०३

अगं! दोन्ही आकडे मीच लिहिले आणि माझ्या लक्षात आलं नाही. उद्या आजोबांना सांगते.

---

आगगाडी
१६ जानेवारी, सकाळी ९:१०

गूल्डच्या घराबद्दल मला माहीत नव्हतं. वाचून माझं मत अर्धं बदललं. अर्धं अशासाठी, की नियम सारखा लागला नाही हे पटलं, पण खेळाडू पळवण्याची भीती खोटी नव्हती हेही खरं. जेम्स बंधूंनंतर किती जण उत्तरेला गेले असतील! मग वेल्समधल्या या व्यावसायिक क्लबांचं पुढे काय झालं? आज मर्थरचं नाव लीगमध्ये ऐकू येत नाही.

---

शमीवृक्ष
१६ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

फार काळ चाललं नाही. १९०७ मध्ये मर्थर टिडफिल आणि एबू व्हेल सुरू झाले. १९०८ मध्ये आणखी चार आले : अ‍ॅबरडेअर, बॅरी, टोनीपँडीचा मिड-ऱ्हॉन्दा आणि तारूचं जुनं ट्रेहर्बर्ट. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोनीपँडीला वेल्सने इंग्लंडला ३५-१८ असं हरवलं, तेव्हा वाटलं असेल की आता हा खेळ इथे रुजला. पण अ‍ॅबरडेअर, बॅरी आणि मिड-ऱ्हॉन्दा एका मोसमात बंद, ट्रेहर्बर्ट १९१० मध्ये, मर्थर १९११ मध्ये, एबू व्हेल १९१२ मध्ये.

माझ्या मते मारलं ते अंतराने. बाकी सगळे क्लब लँकेशायर-यॉर्कशायरचे. दर पंधरवड्याला अख्खा संघ रेल्वेने उत्तरेला न्यायचा आणि परत आणायचा, तेही सोमवारी सकाळी खाणीत उतरणाऱ्यांचा. तिकीटविक्रीतून तो खर्च निघेना. शिवाय त्याच सुमाराला दऱ्यांमध्ये फुटबॉलचं वेड वाढत होतं, तोही व्यावसायिक.

त्यामुळे पुढचा वेल्श फॉरवर्ड घरी राहून व्यावसायिक होऊ शकला नाही, त्याला गाव सोडावंच लागलं. ब्रिजएंडचा बेन ग्रोनोव घ्या, दगड घडवणारा गवंडी. जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यात सुरुवातीची पहिली किक त्याने मारली. त्याच वर्षी तो हडर्सफील्डला आला. १९१४-१५ च्या मोसमात हडर्सफील्डने चारही करंडक जिंकले, त्या संघाचा तो फॉरवर्ड आणि किक मारणारा. १९१९-२० मध्ये एका मोसमात ३३० गुण. हडर्सफील्डमध्ये त्याचं नाव आदराने घेतात. वेल्सच्या युनियनसाठी तो १९१० मध्येच संपला होता.

आणि ही भिंत कधी पडली? २६ ऑगस्ट १९९५ ला युनियनने व्यावसायिकपणा मान्य केला. जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीला शंभर वर्षं व्हायला तीन दिवस कमी.

---

कोकणकडा
१६ जानेवारी, रात्री ११:००

शंभर वर्षं. तारूला त्याचा काय उपयोग.

रानजाई ताई, तो पुढे कसा जगला?

---

रानजाई
१८ जानेवारी, संध्याकाळी ५:४०

दादा, तो १९३३ मध्ये गेला, जानेवारी महिन्यात, अ‍ॅबरडेअरमध्येच. त्या सालापर्यंत या दऱ्यांची दशा वाईट झाली होती, खाणी एकामागून एक बंद, घरोघरी बेकार माणसं. ज्या गावात त्याने तो ट्राय केला त्याच गावात तो गेला.

आज आजोबांची शेवटची भेट होती, गुडघा आता जिना चढतो. बाराखडीचं ९-८ चं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, भेटीच्या कार्डाच्या मागे दोन तारखा लिहिल्या, खाली दोनदा ‘९-८’ लिहिलं आणि कार्ड पाकिटात ठेवलं. नातू रविवारी जेवायला येतो, त्याला दाखवणार म्हणाले. नातू कार्डिफच्या एका युनियन क्लबात खेळतो, फॉरवर्ड आहे आणि त्याला त्याचे पैसे मिळतात.

शमीवृक्ष, ऱ्हॅप्सबद्दल तुमच्याकडे काही असेल तर नवीन धागा काढाल का? सॅल्फर्ड तुम्हाला हडर्सफील्डहून जवळच होतं.